मुरमाळच्या भिवराबाईचा पालथा रांजण

किती वर्षं झाली हे नेमकं सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. मुरमाळ गावात भिवरा नावाची एक कुंभारीण लग्न होऊन आली. तिचं माहेर नदीकाठचं. तिथं दिवस कलला की डासांचे थवे उठायचे. मुरमाळला मात्र नदी नव्हती आणि ओढाही नव्हता. बायका दोन कोस चालून डोंगरातल्या झऱ्यावरून पाणी आणायच्या. भिवराला वाटलं, जिथं पाणीच नाही तिथं डास कुठून येणार? आणि पहिल्याच दिवशी, भर दुपारी भाकरी थापताना, तिच्या घोट्याला डास चावला. काळा होता आणि त्याच्या पायांवर पांढरे पट्टे होते.

मुरमाळमध्ये दर घरी एक रांजण असायचा. माणूस आत उभा राहील एवढा मोठा आणि कमरेपर्यंत जमिनीत पुरलेला. त्याचा तळ कधी दिसू द्यायचा नाही, अशी गावाची रीत होती. पाणी कमी झालं की जुन्यावरच नवं ओतायचं. तळ दिसला की घर बसलं, असं समजायचे. लोक त्याचा तोरा मिरवायचे. "आमच्या रांजणात पणजीच्या हातचं पाणी आहे," असं पाटलीणबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

आणि दरवर्षी गावात हाडमोड्या ताप यायचा. भिवराच्या सासूची तीन लेकरं त्या तापानं नेली होती. भिवराचा नवरा सोडला तर आता एकच उरली होती, नऊ वर्षांची ठकू. ती भिवराची नणंद. दिवसभर वहिनीच्या चाकाशी बसून मातीच्या चिमण्या करायची.

त्या वर्षी ताप वेशीकडच्या घरांत आला आणि एकेक घर पुढं सरकू लागला. कुंभारवाडा सात घरं दूर होता.

भिवराचा कान फार तयार होता, असं म्हणतात. मडक्यावर टिचकी मारली की भाजणी कच्ची की पक्की हे तिला कळायचं. एकदा तिनं घरच्या रांजणावर टिचकी मारली आणि तिला आतून गुणगुण ऐकू आली. तिनं पितळी ताटानं ऊन वळवून आत टाकलं. पाण्यात हजारो बारीक अळ्या वळवळत होत्या. शेपटी वर, डोकं खाली. सावली पडली की सगळ्या तळाला पळायच्या.

"काय गं, सून आहेस का उंदीर?" सासू मागून म्हणाली. "रांजणात काय डोकावतेस?"

"आत्याबाई, यात पणजीचं पाणी नाही. डासांचं बाळंतपण चाललंय."

"जिभेला हाड नाही तुझ्या! रांजण रिकामा केलास तर माहेरची वाट धरायची, सांगून ठेवते."

भिवरानं त्यातलं गाडगंभर पाणी घेतलं, तोंडाला फडकं बांधलं आणि गाडगं चावडीच्या कट्ट्यावर ठेवलं. दिवस उलटत गेले, तसं फडकं आतून थरथरायला लागलं. आठव्या दिवशी तिनं सगळ्या बायकांसमोर गाठ सोडली. आतून पट्ट्यापट्ट्यांच्या पायांचे इतके डास उठले की कट्ट्यावर सावली पडली, असं म्हणतात.

"हे चावतात आणि एकाचा ताप दुसऱ्याला लावतात," भिवरा म्हणाली. "रांजण उपसा."

"उपसा म्हणे!" पाटलीणबाई हसल्या. "कुंभारणीला नवे रांजण खपवायचेत, दुसरं काय!"

सगळ्या हसल्या. भिवरा रिकामं गाडगं घेऊन घरी आली. तोवर ताप शेजारच्या घरात शिरला होता.

दुसऱ्या दिवशी सासू झऱ्यावर गेली तशी भिवरानं रांजण उपसायला घेतला. एक थेंब सांडू दिला नाही. आपल्या लग्नाचं लुगडं घागरींवर बांधलं आणि पाणी गाळून भरत गेली. मग तिनं रांजणाला मिठी मारली आणि तो जमिनीतून कांद्यासारखा उपटला, असं म्हणतात. आठ बाप्यांना हलला नसता तो रांजण. तेवढ्यात सासू दारात आली. डोक्यावरची घागर तशीच. तिनं रांजणाचा तळ पाहिला. तिथं पिढ्यान् पिढ्यांचा हिरवा गाळ होता, आणि गाळात अळ्या तडफडत होत्या.

मग तिनं घागर खाली ठेवली. "लुगडं दुपदरी कर," ती म्हणाली. "एका पदरातून बारकी निसटतात."

दोघींनी मिळून रांजण आतून राखेनं घासला, कारण डासाची अंडी काठाला चिकटून बसतात. मग तो उन्हात पालथा घातला. त्या दुपारी ताप त्यांच्या दाराशी आला, असं म्हणतात. त्यानं रांजण वाजवून पाहिला. आत त्याच्या ओळखीचं कुणी नव्हतं. तो उंबऱ्यावर क्षणभर टेकला आणि उठून निघून गेला. ठकूला शिंकसुद्धा आली नाही.

मग गाव धावत आलं. सगळ्यात पुढं पाटलीणबाई. "भिवरे, आमचाही उपटून दे गं!"

भिवरानं घरोघरचे रांजण उपटले. तिला वाटलं, झालं, संपलं. पण आठवडा सरला आणि स्वतःच्या नव्यानं भरलेल्या रांजणात तिला पुन्हा वळवळ दिसली. डास मेले नव्हते, नवी अंडी घालून गेले होते. पाठ धरलेली, हात सोललेले. हे दर आठवड्याला करायचं? शंभर घरी? ती चाकाशी बसून रडली.

"मामंजींच्या आजोबांनी केलेले रांजण हे," ती सासूला म्हणाली. "एवढे मोठे, की एकटीला हलत नाहीत."

"मग लहान कर की," सासू म्हणाली. "ते काही बघायला येत नाहीत."

सकाळी उठून भिवरानं ठरवलं. सासऱ्याच्या आजोबांच्या हातचा तो रांजण तिनं स्वतः फोडला. त्याचा चुरा नव्या मातीत मिसळला आणि एकट्या बाईला पालथा घालता येईल एवढाच रांजण चाकावर धरला. असा एकेक रांजण तिनं गावातल्या प्रत्येक घराला दिला. आणि दर आठवड्याला तो उपसून पालथा घालायला वार नेमला, शनिवार. मुरमाळमध्ये आता रांजण राहिलेले नाहीत. निळी पिंपं आहेत, सिमेंटच्या टाक्या आहेत, कूलर आहेत. पण शनिवारी सकाळी सगळं गाव पाणी दुपदरी कापडातून गाळून घेतं, भांडी आतून घासतं आणि उन्हात पालथी घालतं. टाकी पालथी होत नाही, तर तिला घट्ट झाकण बसवतात. रस्त्यानं जाणारा माणूस पालथ्या पिंपावर टिचकी मारून विचारतो, "भिवराबाई, कोरडं का?" आणि घरातलं जे कुणी जवळ असेल ते आतून ओरडतं, "कोरडं!"