किल्ली कुणाला

“पण थांबलो काहून, उस्ताद? मला कुठं झोप येऊ लागली?”

ट्रकमधून खाली उतरता उतरता संदीपान विचारत होता. टळटळीत दुपार होती. ढाब्यावर या दोघांशिवाय गिऱ्हाईक नव्हतं. शेजारी बसलेल्या इनूस उस्तादांनी त्याचा खांदा गदागदा हलवून गाडी बाजूला घ्यायला लावली होती, आणि ते त्याला मुळीच आवडलं नव्हतं.

उस्ताद बाजेवर बसले आणि दोन चहा सांगितले.

संदीपान नवा ड्रायव्हर. बरीच वर्षं क्लीनर म्हणून गाड्या धुण्यात आणि टायर बदलण्यात गेलेली, आता कुठं स्टेअरिंग हाती आलेलं. नागपूरहून माल भरून पुण्याला निघालेली ही त्याची परीक्षेची फेरी होती. पोरगा एकटा आहे असं समजून चालवू दे, तू नुसता शेजारी बस, असं शेठनं उस्तादांना बजावलं होतं. त्या लाइनीत रिवाजच आहे. नव्या ड्रायव्हरला गाडीची किल्ली शेठ देत नाही, उस्ताद देतो. उस्तादांनी नाही म्हटलं, की पोरगा पुन्हा क्लीनर.

संदीपानच्या आईनं मात्र गल्लीत पेढेसुद्धा वाटून टाकले होते.

“किती वेळ झाला सुटून?” उस्तादांनी विचारलं.

“काल संध्याकाळी सुटलो की. डिझेलला तेवढं थांबलो. तुम्ही तर रात्री मागं मस्त झोपला होता.” तो हसला. “म्हातारपणी झोप लागतेच म्हणा.”

“दर पाच तासांनी उतरायचं, असं सांगितलं होतं.”

“नियम करणाऱ्यानं कधी घाटात गाडी चढवली होती का, उस्ताद?”

हा प्रश्न त्याला फार आवडायचा. आधीच्या फेऱ्यांत तीन-चार ढाब्यांवर तो विचारून झाला होता आणि दर वेळी लोक हसले होते. उस्ताद हसले नाहीत.

“भूक लागली की कळतं तुला?”

“कळतं.”

“आणि झोप आली की?”

“तेही कळतं. तोंडावर पाणी मारतो, तंबाखूची चिमूट लावतो. तरी नाही भागलं तर थांबेन की. मी काय लहान लेकरू हाय?”

“आणि नाहीच कळलं तर…?”

“असं कसं होईल?” संदीपान वैतागला. “झोप माझी. मलाच कळणार नाही?”

उस्तादांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर घालत बसले. त्यांच्या या गप्प बसण्याचा संदीपानला भारी राग यायचा. माणसानं शिव्या द्याव्यात, पण असं बसू नये.

“असं करू,” तोच नमतं घेत म्हणाला. “चहा घेऊ आणि निघू. गोदावरीचा पूल ओलांडला की पलीकडं चांगलं हॉटेल हाय. तिथं जेवू, तुम्ही म्हणाल तेवढं पडू. मग तर झालं?”

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

“चल, टायर बघू,” ते म्हणाले.

दोघं ट्रकला वळसा घालून मागच्या बाजूला आले. संदीपान टायर ठोकायला वाकला, तर उस्तादांनी त्याचा दंड धरून त्याला सरळ उभं केलं आणि आलेल्या रस्त्याकडं बोट दाखवलं.

रस्ता थोडा उतरत गेला होता. त्याच्या टोकाला पुलाचे कठडे दिसत होते. खाली गोदावरीचं रुंद पाणी, आणि काठाला पाण्यात बसलेल्या म्हशी.

संदीपान बघत राहिला. नदी मागं होती…

“उस्ताद, हा… हा दुसरा कुठला पूल?”

उस्तादांनी सदऱ्याच्या खिशातून एक नाणं काढलं आणि तळहातावर धरलं.

या रस्त्याचे जुने ड्रायव्हर गोदावरी आली की गाडी हळू करतात. शेजारी बसलेला नाणं पुढं करतो, चालवणारा ते कपाळाला लावून परत देतो, आणि शेजारचा ते खिडकीतून नदीत टाकतो. क्लीनर असताना नाणं टाकायचं काम संदीपानचंच असायचं. एकदाही त्यानं ते चुकवलं नव्हतं.

“मी पुढं केलं होतं,” उस्ताद म्हणाले. “पूल संपेपर्यंत हात तसाच होता.”

“मी घेतलं नाही?”

“नाही.”

“डोळे… डोळे मिटले होते माझे?”

“उघडे होते. समोरून एसटी आली. तू तिला बाजूसुद्धा दिलीस.”

संदीपाननं कठड्यांकडं पाहिलं. त्यानं पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. पुलाआधीचा पेट्रोल पंप आठवत होता. त्यानंतर एकदम खांद्यावरचा उस्तादांचा हात. मधलं काहीच नव्हतं. एसटी नव्हती, पाणी नव्हतं, तो स्वतःही नव्हता. त्या एसटीत खिडकीला लेकरं बसली असतील, या विचारानं त्याला भडभडून आलं. तो तिथंच टायरला टेकून खाली बसला.

उस्ताद त्याच्याजवळ उकिडवे बसले. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला.

“उस्ताद…” शेवटी त्यानं मान खाली घालूनच विचारलं, “किल्ली… आता नाही ना मिळायची?”

“मिळेल की.” उस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “पण पुलावर तू नव्हतास. तिथून गाडी ज्यानं आणली, त्याच्याच हातात देईन. त्याला बोलव.”