भिवरा गुरवीण आणि भिंतीवरची करवली

आधी ते फोन खिशात घाला. बसा त्या ओट्यावर. वर देवळात जायला तुमची पाळी यायची आहे, आणि भिवराआत्याची गोष्ट ऐकल्याशिवाय मी कुणाला वर सोडत नाही. रोज सांगून घसा सुकतो, पण सांगतो.

फार वर्षांपूर्वी, या डोंगराला गाडीरस्ता नव्हता तेव्हा, आमच्या माळकुंडीत धोंडू गुरव देवीची पूजा करायचा. देवळाच्या भिंती नुसत्या पांढऱ्या होत्या. एकदा एक फिरस्ता चितारी आला आणि पावसाळाभर राहिला. त्याने भिंतभर देवीच्या लग्नाची वरात काढली. हत्ती, घोडे, वाजंत्री, पिवळ्या शालूतली नवरी, आणि तिच्या मागे दोन्ही हातांत भरला कळस धरलेली करवली. धोंडूच्या बायकोने चिताऱ्याला रोज भाकरी वाढली होती, म्हणून त्याने करवलीला तिचाच चेहरा दिला, असं म्हणतात.

पुढे ती बाई साथीत गेली. तिची लेक भिवरा तेव्हा रांगत होती. लेकीने आई पाहिली ती भिंतीवरच. जरा मोठी झाल्यावर रोज झाडलोट उरकली की ती करवलीपुढे जाऊन उभी राहायची. बापाने तिला एकदाच सांगितलं होतं, "हात लावू नगंस बाय, आय पुसून जाईल." तेव्हापासून भिवरा हात पाठीमागे बांधून उभी राहायची. बापामागे देऊळ तिच्याकडे आलं, केस पांढरे झाले, पण तिने त्या भिंतीला कधी बोट लावलं नाही.

आणि लोक? लोकांचं काय सांगू! कुणा एकीने नवरीच्या शालूचा पिवळा रंग नखाने खरवडून लेकीच्या कपाळाला लावला, आणि नेमकं त्या लेकीचं लग्न जमलं. झालं. घाटाच्या वरून, घाटाच्या खालून माणसं लोटली. गावात भजी तळू लागली, नारळ खपू लागले, कुंभाराला पणत्या पुरवता येईनात. गाव सुखावलं आणि भिंत खंगायला लागली. शालू गेला, हत्तींचे पाय गेले, वाजंत्र्यांची तोंडं गेली. भिवराआत्या ओरडून ओरडून बेजार. "डोळ्यांनी बघा की! बोटांना डोळं फुटल्यात व्हय?" लोक हसायचे, आणि तिची पाठ वळली की पुन्हा बोट लावायचे.

मग एके दिवशी तिला करवलीच्या गालावर नखाचा ओरखडा दिसला. त्या दिवशी तिने सगळ्यांना बाहेर काढलं आणि दाराला कुलूप घातलं.

पाटील तणतणत वर आला. "भिवरा, दार लावून बसलीस तर गावानं खायाचं काय? भिंत?"

"आन् भिंत पुसून गेल्यावर लोकांनी बघायचं काय? तुमच्या मिशा?"

पाटील मिशा चावत परत गेला. पण माणसं यायची थांबली, जत्रा मोडली. कुंभाराच्या घरी चूल पेटेना, त्याची पोरं उपाशी निजली, आणि हे आत्याच्या कानावर आलं. ती तोंडाची फाटकी होती, काळजाची नव्हती. ती कुलूप काढून आत गेली आणि आईपुढे उभी राहून वैतागून म्हणाली, "आता तूच सांग गं, ह्या लोकांचं करू तरी काय?"

करवली काय बोलणार? दोन्ही हातांत कळस धरून ती उभी होती. भिवराआत्या त्या हातांकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. तशीच ती कुंभाराकडे गेली. "घडं कर. धरायला कान ठेवू नगंस. बूड असं गोल कर की खाली ठेवताच येऊ नये."

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. पायथ्याच्या तळ्यावर प्रत्येकाच्या हातांत आत्याने काठोकाठ भरलेला घडा दिला. तो दोन्ही हातांनी धरून डोंगर चढायचा, भिंतीसमोरून वरातीसारखं हळू चालायचं, आणि देवळामागच्या झाडांना पाणी घालायचं. कुरकुर झाली. पण लोक यायचे थांबले नाहीत.

एक सरदार मात्र अडला. "मी पाणक्या आहे काय?" म्हणाला, आणि रिकाम्या हातांनी आत घुसला. करवलीच्या गालाकडे त्याने बोट नेलं मात्र, चित्रातला कळस हिंदकळला आणि सरदार कोपरापर्यंत भिजला. भिंतीवर थेंब नाही आणि याच्या बाह्या निथळतायत! तो निमूट खाली उतरला आणि घडा घेऊन पुन्हा चढला, असं म्हणतात.

आत्या गेली त्याला किती पिढ्या झाल्या कोण जाणे. घडा अजून तिच्याच नावाने देतात. देवळामागची राई त्याच पाण्यावर उभी आहे आणि कुंभाराचं घर अजून घडेच करतं. फोटो कसा काढायचा, हे मला विचारू नका. काढू नका, एवढंच.

आणि हो, लहानपणी ज्याची आई गेली, त्याला घडा देत नाहीत. तळ्यावर नुसतं सांगायचं, कुणी खरंखोटं करत नाही. त्याला मोकळ्या हातांनी आत सोडतात. आत्याच घालून गेली ही रीत. अशी माणसं करवलीपुढे जातात, हात पाठीमागे बांधतात आणि पोटभर बघून येतात. त्यांच्यापैकी एकानेही आजवर भिंतीला बोट लावलेलं नाही.

बाकी तुमच्यासारख्या शहाण्यांना मात्र घडा द्यावाच लागतो. उठा आता, पाळी आली तुमची. आणि दोन्ही हातांनी धरा हो, दोन्ही!