शॉकअपचा बोल्ट

"वस्ताद, माणसानं जीव तोडून जोर लावला आणि तरी बोल्ट हलला नाही, तर चूक कोणाची? माणसाची की बोल्टची?"

रोहिदास गाडीखालूनच विचारत होता. आवाजात विचारणं कमी आणि चिडणंच जास्त.

लतीफ वस्ताद गॅरेजच्या दारात उभे होते. तिसऱ्या प्रहरची असरची नमाज पढून ते घरी निघाले होते. गाडीवाल्या हसुरामनं वाटेतच गाठून त्यांना इकडे आणलं होतं.

"आधी बाहेर ये," वस्ताद म्हणाले. "गाडीच्या पोटातून विचारलेलं मला ऐकू येत नाही."

रोहिदास सरपटत बाहेर आला. तोंड ग्रीसनं काळं, मनगटावर खरचटलेलं.

श्रीवर्धनकडच्या त्या रस्त्यावर या मनगटाचं नाव होतं. वस्तादांच्या हाताखाली रोहिदास शिकला आणि त्यांची नजर अधू झाली तसं गॅरेजही त्यानंच चालवायला घेतलं. कोणाला न सुटणारा बोल्ट रोहिदासला सुटतो, असं लोक कौतुकानं म्हणत. ऐकून ऐकून त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

आणि आज हसुरामच्या जुन्या गाडीनं त्याचा पार घाम काढला होता.

मागच्या चाकाचा, धक्के सोसणारा शॉकअप बदलायचा होता; तो वर गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला, ज्यानं धरलेला असतो, तो बोल्ट. समुद्राच्या हवेनं गंजून आतल्या आत गच्च बसलेला. रोहिदासनं पान्याला लांब पाइप जोडून हिसडा दिला, तर बोल्टचं डोकंच तुटून खाली पडलं. मग उरलेल्या खुंटावर नट वेल्ड केला आणि पुन्हा हिसडा दिला. नट खुंटाचा तुकडा घेऊन निखळला. पुन्हा नट, पुन्हा हिसडा... पुन्हा तेच.

आता खुंट नखाएवढा उरला होता. त्यावर आणखी एक नट बसला असता, बस्स. तो गेला की चासी कापायची. म्हणजे गाडी टोचन करून, दोरीनं ओढत महाडला न्यायची आणि तिथल्या वर्कशॉपच्या दारात बसून राहायचं.

"मी बसेन रे," हसुराम म्हणाला. "पण आईचं काय? उद्या सकाळी घाटापलीकडे डायलिसिस आहे. मागची खेप चुकली तर पाय सुजून खांब झाले होते तिचे. डॉक्टर म्हणालेत, आता चुकवायची नाही."

"दुसरी गाडी बघ ना."

"गावातली दुसरी गाडी वऱ्हाड घेऊन गेलीय. एसटीत आई बसू शकत नाही. आणि असा लोंबता शॉकअप घेऊन घाट चढू?" त्यानं कपाळावर हात मारला. "बैल सोड म्हटलं, तर तू गोठाच पाडलास, रोहिदास."

रोहिदासची कानशिलं तापली.

वस्ताद हळूच खाली बसले. निखळून पडलेला नट त्यांनी उचलला, डोळ्यांजवळ नेला, मग बोटानं चाचपला.

आता बोलणी बसणार, म्हणून रोहिदासनं मान खाली घातली.

"वेल्डिंगचा टाका सुरेख आहे," वस्ताद म्हणाले.

"...काय?"

"लोखंड तुटलं. तुझा टाका तुटला नाही. गाडीखाली उताणं पडून असा टाका मला कधी जमला नाही."

रोहिदास बघतच राहिला. ताणून धरलेले खांदे त्याच्याही नकळत खाली आले.

त्यानं पाना वस्तादांपुढे धरला. "मग तुम्हीच काढा, वस्ताद. माझ्यानं नाही होणार आता."

"माझ्या हातून हल्ली चहासुद्धा सांडतो." वस्तादांनी पाना परत त्याच्या मुठीत ठेवला. "नट लाव."

रोहिदास पुन्हा गाडीखाली शिरला. बॅटरीची वायर काढलेलीच होती. ठिणग्या उडाल्या, नट लाल झाला.

"मेणबत्ती टेकव."

मेण चरचरत वितळलं आणि खुंटाच्या कडेनं आत शोषलं गेलं.

"आता थांब."

"किती वेळ?"

"हात लावून बघ."

"भाजेल ना!"

"मग अजून थांब."

हसुराम रस्त्याकडे तोंड करून उभा होता. बाहेर माडांच्या सावल्या लांबत चालल्या होत्या. आईचा फोन येऊन गेला. तो नुसतं "हो, हो" म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

नट हाताला सोसवू लागला तसा रोहिदासनं पाना चढवला आणि सवयीनं पाइप ओढून घेतला.

"पाइप राहू दे," वस्ताद म्हणाले.

"मग जोर कसा लागणार?"

वस्ताद म्हणाले, "आवळ."

रोहिदासला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"वस्ताद, आपल्याला उघडायचाय."

"माहीत आहे मला. आवळ."

"मेहेरबानी करा, वस्ताद," हसुराम मागं वळला. "आईच्या जिवाशी गाठ आहे. ही चेष्टेची वेळ नाही."

वस्ताद हसले नाहीत. रागावलेही नाहीत. गाडीखालच्या अंधारात नुसते पाहत राहिले.

...

रोहिदास नटाकडे बघत राहिला. बोल्ट आधीच गच्च. त्याला आणखी आवळायचा? हा नट तुटला तर हसुरामच्या आईला तोंड कसं दाखवायचं? पण आपल्या मनासारखं तर आपण केलंच होतं की. त्याचे तुकडे समोर पडले होते.

त्यानं डोळे मिटले आणि पाना आवळण्याच्या बाजूला दाबला. हिसडा न देता, एखादं दार हळूच लोटावं तसा.

टिक्.

त्यानं खाडकन डोळे उघडले. "तुटला, वस्ताद..."

"कोण म्हणतं?"

"आवाज आला."

"मलाही आला. आता उलट फिरव. हळू."

पाना केसभर सरकला. खरंच सरकला! त्यानं भरभर फिरवायला हात उचलला.

"परत आवळ."

"अहो, आता तर सुटायला लागलाय!"

"परत आवळ, बेटा."

त्यानं आवळला. मग सोडला. पुन्हा जरा आवळला, पुन्हा थोडा जास्त सोडला. प्रत्येक वेळी लालसर भुगा त्याच्या छातीवर झरत होता. डोळ्यात गेला तरी त्याला पुसायचं भान नव्हतं. पाना आधी कुरकुरला, मग नुसता करकरला, आणि मग गप्प झाला...

उरलेला बोल्ट अख्खाच्या अख्खा त्याच्या हातात आला. अजून कोमट होता.

हसुराम गुडघ्यांवर वाकून गाडीखाली बघत होता. बोल्ट दिसला तसा तो तिथंच मातीत बसला. मग त्यानं फोन काढला.

"आई, सकाळी लवकर उठ गं. हो, आपल्याच गाडीनं. ...रडत नाहीये मी. धूळ आहे इथं, धूळ."

रोहिदासनं भोकातले आटे साफ केले, नवा शॉकअप जागेवर धरला, नव्या बोल्टला ग्रीस लावलं आणि तो आधी नुसत्या बोटांनी बसवला. चाक चढवून, जॅक उतरवून तो हात पुसत वस्तादांपाशी आला. जुना बोल्ट त्यांच्या मांडीवर होता. त्याच्या गंजावरून ते अंगठा फिरवत होते.

"वस्ताद, एक सांगा. उघडायचा होता, तर मला आवळायला का लावलंत?"

वस्तादांनी बोल्ट उचलून रोहिदासच्या तळहातावर ठेवला.

"इतकी वर्षं एकटाच धरून बसला होता बिचारा... सोड म्हणायच्या आधी, चांगलं धरलंस, एवढं म्हणायला नको?"