राखलेलं पाऊल

एकदा एका बंदराच्या गावी असं घडलं, की नृत्यशाळेतल्या सर्वांत आज्ञाधारक शिष्येलाच आपल्या गुरूंचा संशय आला.

ही नृत्यशाळा मोठी जगावेगळी होती. बंदरात देशोदेशीची गलबतं लागत. त्यांतून उतरणाऱ्या माणसांकडून त्यांच्या मुलखातली नृत्यं शिकून घ्यायची आणि ती जिवापाड जपायची, हे तिथल्या वृद्ध आचार्यांचं आयुष्यभराचं व्रत होतं. वाळवंटातलं तलवारीचं नृत्य, बर्फाळ मुलखातलं रुमाल धरून केलेलं फेराचं नृत्य, डोंगरी लोकांचं टाचा आपटत केलेलं नृत्य, सगळी त्या एका छपराखाली नांदत होती. आचार्य आता थकले होते. येत्या उत्सवानंतर शाळेची धुरा याच शिष्येकडे द्यायची, असं त्यांनी सर्वांसमक्ष सांगून टाकलं होतं.

तिला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या मनात पाल चुकचुकत होती, कारण आचार्य परमुलखातलं कोणतंही नृत्य पूर्ण शिकवत नसत. शेवटचं पाऊल आलं, की ते थांबायला सांगत, हात जोडायला लावत आणि म्हणत, "इथवर आपलं." का, असं विचारलं तर नुसते हसत.

त्यात गेल्या उत्सवात तलवारीचं नृत्य असंच अर्धवट थांबलं, तेव्हा प्रेक्षकांतून एक उंटवाला उठला, मंचावर आला आणि ते उरलेलं पाऊल टाकून त्याने नृत्य पुरं केलं. त्याआधी रुमालाच्या नृत्यात एका खलाशाने हेच केलं होतं. लोकांनी कौतुक केलं. शिष्या मात्र आतल्या आत धुमसत राहिली. ही माणसं गुरुजींनीच पेरलेली असणार! वाटेवरच्या उंटवाल्याला शेवटचं पाऊल सांगतात, आणि इतकी वर्षं पायाशी बसलेल्या मला नाही?

संशयाला कधी उपाशी राहावं लागत नाही. समोर येईल ते त्याला चालतं. गुरुजी प्रेमाने बोलले, की तिला वाटे, काहीतरी लपवतायत. गप्प बसले, की खात्रीच होई. एका पहाटे तिने दाराच्या फटीतून पाहिलं. पूर्वेच्या बेटांवरचं नृत्य यंदा शाळेत नव्याने आलं होतं, तेच आचार्य एकटे करत होते. शेवटच्या पावलाशी आले, पाय उचलला, आणि तो होता तिथेच ठेवून हात जोडले. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. आता तिला नवीच शंका आली. यांना ते येतच नाही की काय?

नेमका याच सुमारास गावातला लवंग-वेलचीचा एक व्यापारी तिला भेटायला आला. अशा वेळी अशी माणसं बरोबर येतात.

"बाई, हातचं राखून शिकवणारे गुरू आम्ही पुष्कळ पाहिलेत," तो म्हणाला. "शाळा देतील तुम्हाला, पण किल्ली ठेवतील स्वतःच्या कमरेला. माझ्या गलबताचा नाखवा त्या बेटांवर राहून आलाय. तुमचं ते पाऊल तो चुटकीसरशी दाखवेल. उत्सवात नृत्य पुरं करा, लोक बघू देत. खाडीपलीकडे तुमच्यासाठी नवी रंगशाळा उभी करणं माझ्याकडे लागलं."

शिष्येने नाखव्याकडून ते पाऊल शिकून घेतलं, आणि उत्सवात, गुरुजींच्या डोळ्यांदेखत, बेटांवरचं नृत्य शेवटपर्यंत केलं. पायाची टाच जमिनीला टेकली, दोन्ही हात समुद्राकडे पसरले. टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यापारी तर उभाच राहिला. तिने विजयाने गुरुजींकडे पाहिलं, तर ते तिच्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर मागच्या रांगेकडे लागली होती.

गर्दी पांगल्यावर तिनेच विषय काढला. "गुरुजी, मी चुकले असेन तर बोला. पण तुम्ही माझ्यापासून लपवलंत, हे खरं ना?"

आचार्य म्हणाले, "मागे बसलेली म्हातारी दिसली का तुला? घाटाखाली चटया विणते ती. तरुणपणी त्या बेटांवरून आली, परत काही गेली नाही. तू शेवटाकडे आलीस, तशी ती गुडघ्यावर हात टेकून उठली होती. तू पाऊल टाकलंस आणि ती खाली बसली. मग निघून गेली."

"म्हणजे तिलाही तुम्ही शिकवून ठेवलं होतंत?"

संशय इतक्या सहजी सुटत नाही. आचार्यांना हसू आलं आणि वाईटही वाटलं.

"अगं, तिला ते तिच्या आईने शिकवलं असेल. मी तिच्याशी कधी एक शब्द बोललेलो नाही. त्या उंटवाल्याशी नाही, त्या खलाशाशीही नाही. बाळ, ही नृत्यं आपण जपतो, पण ती आपली नव्हेत. आपणच सगळं करून दाखवलं, तर ज्याचं आहे त्याने काय करावं? लांब बसून टाळ्या वाजवाव्यात? म्हणून आल्यागेल्यासाठी पंगतीत एक पान मांडून ठेवतात, तसं एक पाऊल राखायचं. कोणी आलं तर त्याचं. नाही आलं, तर रिकामं राहिलं म्हणून काही बिघडत नाही."

"मग पहाटे तुम्ही..."

"पाय सवयीने पुढे जातोच. थांबण्याचा रियाज करावा लागतो. आणि दाराच्या फटीशी उभं राहायचं असेल, तर पैंजण काढून ठेवावेत."

तिने मान खाली घातली. "मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर तू नियम म्हणून थांबली असतीस. मला वाटलं, त्या उंटवाल्याचा चेहरा पाहून तुझं तुला कळेल. पाहिला होतास का?"

तिने पाहिला नव्हता. उंटवाला नाचत होता तेव्हा ती गुरुजींकडे पाहत होती, ते काय लपवतायत ते शोधत. हे आठवलं आणि तिला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घाटाखाली गेली. म्हातारी चटई विणत होती. तिने वर पाहिलं नाही. शिष्येने तिथेच, वाळूत, नृत्य सुरू केलं. शेवटच्या पावलाशी आली, थांबली आणि हात जोडून बाजूला सरली.

बराच वेळ म्हातारीचे हात विणतच राहिले. मग चटई बाजूला ठेवून ती गुडघ्यावर हात टेकत उठली. तिने पाऊल टाकलं, ते नाखव्याच्या पावलासारखं मुळीच नव्हतं. टाच टेकलीच नाही, आणि हात समुद्राकडे गेले नाहीत, ते कडेवर कोणाला तरी घेतल्यासारखे वळले. हे बरोबर की ते, असा प्रश्न शिष्येला पडला नाही. या वेळी ती म्हातारीच्या चेहऱ्याकडे पाहत होती.