वडापवाल्याची डबी

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात सर्जेराव नावाचा एक वडापवाला राहायचा. सीटा भरल्या की गाडी सोडायची आणि माणसं घाट चढवून वरच्या बाजारगावात उतरवायची, हा त्याचा धंदा. अठरा वर्षं त्याने जुनी जीप चालवली, पण कुणाला साधं खरचटलं नव्हतं. बायाबापड्या दुसऱ्या गाड्या सोडून त्याच्या गाडीसाठी थांबायच्या. माणसाला आणखी काय हवं असतं? पण तेवढ्यावर भागेल तो माणूस कसला!

जीप थकली तेव्हा त्याने सात सीटची नवी गाडी घेतली. गाडी चांगली होती. फक्त पाय दाबला की ती क्षणभर थांबायची आणि मग उठायची. जुन्या जीपमध्ये पायाखाली तार होती, ती ओढली की इंजिन लगेच ओरडायचं. नव्या गाडीत पायाचा निरोप वायरीतून जायचा आणि गाडीला हिसका बसू नये म्हणून तो बनवणाऱ्यांनीच जरा सावकाश ठेवला होता.

स्टँडवर भैरू नावाचा दुसरा वडापवाला होता, जिभेने तिखट. तो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "काय सर्जेरावदादा, गाडी घेतलीसा का म्हस? ढोसल्याबिगर उठंना झालीया!" सगळं स्टँड खदाखदा हसलं. सर्जेरावच्या ते जिव्हारी लागलं.

आठ दिवसांत त्याने शहरातून एक डबी आणली. काडेपेटीएवढी. ॲक्सिलरेटरच्या वायरीला ती जोडायची आणि बटण फिरवायचं. शून्यावर बंद, नऊवर सगळ्यात तेज. नऊवर ठेवलं की नुसता पायाचा अंगठा टेकवावा आणि गाडीने उसळी घ्यावी. स्टँडवरून गाडी पहिल्यांदा तशी सुटली तेव्हा भैरूसुद्धा बघत राहिला. सर्जेरावला वाटलं, आपलं वय दहा वर्षांनी उतरलं.

गावात इस्माईल मिस्त्री होते. गाड्यांचं दुखणंखुपणं सगळं त्यांच्याकडे यायचं. सर्जेराव फुशारकीने त्यांना म्हणाला, "मिस्त्री, इंजिनची ताकद दुप्पट झाली बघा." मिस्त्रींनी हात पुसले आणि गाडीत त्याच्या शेजारी येऊन बसले. "पाय तळापर्यंत दाबून घाट चढ," म्हणाले. एकदा बटण नऊवर ठेवून चढले, एकदा शून्यावर. खिंडीपर्यंत दोन्ही वेळा अकरा मिनिटं लागली.

"बघितलंस?" मिस्त्री म्हणाले. "इंजिनाला एक कणभर काही मिळालं नाही. तू पाव दाबतोस आणि डबी इंजिनाला सांगते, पाऊण दाबला. पाय थोडा जास्त दाबायला शिकला असतास तर फुकटात झालं असतं. आणि ऐक, तुझ्या पायाला जीपची सवय आहे. चढावर जीप उठवताना तो जोरात पडायचा, अजून तसाच पडतो. काढून टाक ती."

सर्जेरावला हे कळलं नाही असं नाही. चांगलं कळलं. पण स्टँडवरच्या माणसांच्या नजरा त्याला सोडवेनात. डबी गाडीतच राहिली.

आता त्याच्या घराचं सांगायला हवं. घरापुढचं अंगण उतरतं होतं. गाडी गोठ्याकडे तोंड करून उभी राहायची आणि रोज सकाळी उलटी, चढावर, रस्त्यापर्यंत न्यावी लागायची. मागे दगडी बांध होता, वळणावर असल्यामुळे रस्ता दिसायचा नाही. म्हणून सर्जेरावचे वडील, तात्या, बांधापाशी उभे राहून रस्त्याकडे बघायचे आणि गाडीच्या पाठीवर हाताने थाप द्यायचे. दोन थापा म्हणजे ये. एक थाप म्हणजे थांब. जीप आली त्या दिवसापासूनचा हा नेम. तात्या कौतुकाने म्हणायचे, "माझ्या सर्जाचा पाय म्हणजे कापूस. डोळं झाकून मागं उभं ऱ्हावं."

डबी आल्यावर एका सकाळी गाडी मागे येताना हिसका मारून आली. तात्या दचकून बाजूला झाले. "काय रं, काय बसवलंयस गाडीत?" त्यांनी खोदून खोदून विचारून सगळं काढून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाले, "ती डबी काढ. तवर मी मागं उभा ऱ्हाणार न्हाई."

दोन दिवस सर्जेरावने एकट्याने गाडी काढली. मान वळवून वळवून दुखायला लागली. तिसऱ्या दिवशी एक मोटरसायकल थोडक्यात वाचली. त्या संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "तात्या, काढली डबी."

काढली कुठली! डॅशबोर्डच्या खाली सरकवून दिली होती. पण त्याने मनाशी ठरवलं, अंगणात बटण शून्यावर ठेवायचं आणि स्टँडवर गेल्यावर नऊवर. म्हणजे घरात डबी नाहीच की! खोटं बोलणारा माणूस आधी स्वतःची समजूत घालतो, ती अशी. तात्यांनी खाली वाकून बघितलंसुद्धा नाही. पोरगा म्हणाला काढली, म्हणजे काढली. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा बांधापाशी उभे राहिले.

महिनाभर हे बिनबोभाट चाललं. मग एका बाजाराच्या आदल्या संध्याकाळी घाटात भैरूशी चढाओढ लागली. सर्जेराव जिंकला. त्याच आनंदात घरी आला, गाडी लावली आणि बटण नऊवरच राहिलं.

सकाळी वरच्या रस्त्यावरून भैरूचा हॉर्न ऐकू आला. म्हणजे तो आपल्या आधी स्टँडवर पोचणार! सर्जेराव धावत गाडीत बसला. पुढच्या चाकाचा दगड काढला होता, गाडी गोठ्याकडे घसरायला बघत होती. मागून दोन थापा आल्या. त्याने क्लच सोडला आणि अठरा वर्षांच्या सवयीने पाय मारला.

गाडी एका झेपेत मागे गेली. एक थाप ऐकू आली. त्यानंतर बांधाचे दगड ढासळल्याचा आवाज आला.

तात्या जगले, पण कमरेखाली जीव उरला नाही. चार महिने ते खाटेवर होते. सर्जेरावने पहिल्याच दिवशी डबी उपटून काढली आणि खिशात ठेवली. सांगायचं म्हणून रोज तो खाटेपाशी बसायचा. रोज ते राहून जायचं. कारण बोलायच्या आधी तात्याच विचारायचे, "सर्जा, खरं सांग. माझी थाप उशिरा पडली व्हय रं?"

भेटायला येणारी माणसं सर्जेरावकडे तिरक्या नजरेने बघायची. तात्या त्यांना दटावायचे. "माझ्या पोराला कुणी बोल लावायचा न्हाई. त्याचा पाय कापसावाणी हाय. हात माझा म्हातारा झाला."

शेवटच्या दिवशीही ते हेच म्हणाले. भैरू उशाशी रडत उभा होता, इस्माईल मिस्त्री खाली मान घालून बसले होते. मिस्त्रींनी एकदाच सर्जेरावकडे बघितलं. सर्जेरावने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तात्यांचा हात खाटेच्या लाकडावर हळूच पडला. एकदाच. मग तो हलला नाही.

सर्जेरावने नंतर सगळं सांगितलं. स्टँडवर सांगितलं, घरात सांगितलं, भेटेल त्याला सांगितलं. ज्याला सांगायचं होतं, तो मात्र स्वतःलाच दोष देत गेला होता.

तात्पर्य: ज्याने बळ वाढत नाही, नुसतं वाढल्यासारखं वाटतं, अशा वस्तूपायी आपल्या भरवशावर पाठीमागे उभ्या राहिलेल्या माणसाशी खोटं बोलू नये, त्या खोट्याचं मोल तो माणूसच देतो, आणि खरं सांगायची वेळ आपल्यासाठी थांबत नाही.