गोदूच्या कॅसेटमधला दुसरा आवाज

श्रीकेवलनाथ महाराज बोरवंडच्या पिंपळपारावर उतरले होते, तेव्हाची ही हकीकत.

गावात गोदू नावाची बाई राहत असे. नवरा केरबा सुतारकामाला सुरतेला. पदरी वर्षाची छबू. गोदूचा गळा असा, की ऐकणाऱ्याचे हात आपोआप जुळावेत! पण भजनी मंडळात तिला जागा नव्हती. "बाईच्या मागं आम्ही धृपद धरायचं? त्यापेक्षा टाळ मोडीत घालू!" असे मंडळाचे भास्करबुवा म्हणत.

म्हणून छबूला पाळण्यात घालून गोदू घरीच गाई, टेपरेकॉर्डरवर ते भरी आणि माहेरी अंथरुणाला खिळलेल्या आईला कॅसेट पाठवी. पाळण्याच्या कड्यांची करकर, कोंबडीचा कलकलाट, सगळे त्यात येई.

अशी एक कॅसेट फिरत फिरत बुवांच्या हाती पडली. ऐकता ऐकता ते ताठ बसले. गोदूच्या प्रत्येक चरणामागून कोणी पुरुष धृपद धरीत होता!

"केरबा तर सुरतेला. मग हा कोण?"

झाले! शेजारीण सकाळीच गोदूच्या दाराशी कुणाच्या वहाणा दिसतात का ते पाहून जाऊ लागली. बुवांनी केरबाला पत्र टाकले : 'येऊन ऐक, मग ठरव हिला नांदवायची की नाही.'

केरबा आला. त्याने कॅसेट ऐकली. छबूने हात पसरले, तिला त्याने घेतले नाही.

गोदूने महाराजांचे पाय धरले. "महाराज, मला वाटायचं यंत्रातच काही बिघाड आहे. घरात कुणी नसतं हो!"

महाराज म्हणाले, "बुवा, कोरी कॅसेट तुम्हीच आणा. बटणही तुम्हीच दाबा."

सारा गाव पाराभोवती जमला. छबूला मांडीवर घेऊन गोदूने सूर लावला :

दार उघडे ठेविले देवा, वारा होऊन तरी ये.

मागून कुणाचाच आवाज नाही. तिसऱ्या चरणाला तिची नजर केरबाकडे गेली आणि गळा दाटला. शब्दच फुटेना.

"आज पाहुणा आला नाही वाटतं?" बुवा हसले.

बऱ्याच वेळाने डोळे पुसून तिने भजन कसेबसे पुरे केले. बुवांनी कॅसेट मागे फिरवून लावली.

पहिला चरण संपला, आणि मागून तोच आवाज! बुवांनी टेपरेकॉर्डर उचलून खाली पाहिले, पिंपळामागे जाऊन आले. कोणी नव्हते. तिसरा चरण आला, गोदूचा गळा दाटला. पण कॅसेटमध्ये शांतता नव्हती! तो आवाज धृपद पुन्हा घेत होता, पुन्हा घेत होता, अगदी सावकाश. गाणाऱ्याचा श्वास तुटला तर मागच्याने असेच सांभाळून घ्यायचे असते. तिला शब्द सापडेपर्यंत तो थांबला होता.

बुवांची उभी हयात भजनात गेली होती. असे थांबणे त्यांना एकदाही जमले नव्हते.

केरबाने पुढे होऊन छबूला उचलले, छातीशी घट्ट धरले. "चुकलो गं," एवढेच तो म्हणाला.

बुवा महाराजांच्या पायांशी वाकले, तसे महाराजांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "इथं नव्हे, बुवा. तुम्ही कुणी तिच्या मागं उभे राहिला नाहीत, म्हणून त्याला यावं लागलं."

बुवा वळले. गोदू संकोचून मागे सरली. ती जिथे बसली होती तिथल्या मातीवर बुवांनी डोके टेकले. ते लवकर उठलेच नाहीत.