पंपावरचा स्पंज

पेटीतल्या माशांच्या पिढ्या धरल्या तर ही फार जुनी गोष्ट. एका घरात खाऱ्या पाण्याची काचेची पेटी होती. तिथे शंख्या खेकडा दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहायचा, आणि आपला शंख कोणीतरी बळकावणार या धास्तीत असायचा.

एकदा मालकिणीने झिपरी नावाचं समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा, विषारी झिपऱ्यांचा मऊ प्राणी, आणून दगडावर ठेवलं. त्याच सकाळी तिने पाणी ओढणाऱ्या पंपाच्या तोंडावर दोऱ्याने स्पंज बांधला. शंख्याच्या मनात पाल चुकचुकली.

"काय गं, तुझ्यासाठी काय खाऊ लपवलाय त्या स्पंजाआड?"

"मला काय ठाऊक, दादा? मी आजच आले."

पण झिपरी रोज बोटभर सरकायची. "मनाजोगता उजेड मिळाला की बूड टेकीन," म्हणायची.

"उजेड म्हणे!" शंख्या पुटपुटायचा. "ही खाऊच्या वासावर आहे."

एका दुपारी त्याने नांगीने दोरा कातरला. स्पंज तरंगत वर गेला. मागे नुसतं पंपाचं तोंड, घरघर पाणी ओढणारं. शंख्याला वाटलं, हिने खाऊ आधीच पळवला.

संध्याकाळी झिपरी सरकत तिकडे गेली आणि पंपाने तिला आत ओढलं. तिच्या चिंध्या झाल्या, तिचं विष पाण्यात पसरलं. मासे वर येऊन धापा टाकू लागले.

"बघा!" शंख्या त्यांना म्हणाला. "मी म्हणत नव्हतो, हिचा डोळा तिथेच होता म्हणून?"

मग त्याचेही डोळे चुरचुरले. तो शंखात पार आत शिरला. मागोमाग तेच पाणी आत शिरलं.